अर्धा वॅट

दहिवली, कर्जत
१४ जुलै २०२३

अनुपम,

पत्राच्या माथ्यावर आशीर्वाद शोधू नकोस. लिहिलेले नाहीत. इतकी वर्षं माझ्या स्वयंपाकघरात बसून जेवलास आणि निघताना दर वेळी वाकून नमस्कार केलास, तेव्हा जे दिले तेवढे पुरेत.

लिहिण्याचं कारण असं, की मला हौशी रेडिओचा परवाना मिळाला. सरकारी परीक्षा देऊन, रीतसर. परीक्षेच्या दारात पर्यवेक्षक मला म्हणाले, "पालकांनी बाहेर थांबायचं आहे." मी त्यांना माझं ओळखपत्र दाखवलं. मोर्स मला जड गेला नाही. जन्मभर गाणं शिकवलेल्या बाईला तो ताल वाटतो, एक मात्रा आखूड आणि एक लांब. शिवाय तुझ्या गोपाळकृष्णकाकांची ती टिकटिक लग्न झाल्यापासून मी फोडणी देताना ऐकत आले होते. फक्त अर्थ कधी विचारला नव्हता. आता हे नाहीत, म्हणून अर्थ शिकले.

काय झालं होतं ते तुला ठाऊक आहे. तरी लिहिते. निदान एका कागदावर ते खरं असू दे.

ह्यांनी साबणाच्या डब्यात बसेल एवढं यंत्र घरी जोडलं होतं. ताकद अर्धा वॅट. हातातली बॅटरी याहून जास्त खाते, असं हे हसून सांगायचे. एका सकाळी त्या डब्यावरून ह्यांनी अर्जेंटिनातल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरशी बोलणं केलं. स्वयंपाकघरात आले तेव्हा ह्यांच्या तोंडून शब्द फुटेना. मी घाबरून विचारलं, काय होतंय? तर म्हणाले, "गूळ दे थोडा." उभ्या उभ्या गूळ खाल्ला आणि मग रडले.

क्लबाच्या विक्रमांत ह्यांचं नाव पहिलं लागलं. आणि पुढच्याच बैठकीत, खालापूरच्या सभागृहात, तू चिटणीस म्हणून उभा राहिलास. "काकांच्या वयाचा मान ठेवून सांगतो, हे अर्ध्या वॅटचं काम नव्हे. टेबलाखाली ताकद वाढवणारी मोठी पेटी असणार." हे म्हणाले, "आत्ता चला घरी. बघा." तू म्हणालास, "आम्ही पोचेपर्यंत पेटी माळ्यावर जाईल, काका." सगळे हसले. हसण्याचं मला काही नाही, लोक हसतात. पण ज्याला ह्यांनी हात धरून मोर्स शिकवला, त्याने ते वाक्य उच्चारलं.

घरी आल्यावर ह्यांनी फणसावरची अँटेनाची तार स्वतः उतरवली, गुंडाळली, आणि पुन्हा त्या खोलीत पाऊल टाकलं नाही. वर्ष गेलं नाही तोच हेही गेले. डॉक्टरांनी कारण लिहिलं, हृदय. डॉक्टर तुला ओळखत नव्हते.

ह्यांचं नाव खोडून आता त्या यादीत तुझं नाव पहिलं आहे. अर्धा वॅट, चिली. वाचलं मी.

लोक हा परवाना छंदासाठी घेतात. मी तुझ्यासाठी घेतला आहे.

द्वारका
(काकू म्हणू नकोस.)


दहिवली, कर्जत
३ डिसेंबर २०२३

अनुपम,

तुझं उत्तर पोचलं. क्लबाच्या छापील कागदावर, खाली शिक्का. "आपल्या भावनांचा आदर आहे, परंतु विज्ञान भावनेवर चालत नाही." मी ते दोनदा वाचलं. आधी राग आला. मग लक्षात आलं की तू मला घाबरलेला नाहीस. ते बरंच झालं.

मध्ये इतके महिने लिहिलं नाही, कारण शिकत होते. दहिवलीत लांबचं काही ऐकू येत नाही. रेल्वेच्या तारा, लोकांचे इन्व्हर्टर, शेजारच्या बंगल्याचे दिवे, सगळ्यांची मिळून एक घरघर कानात बसते. म्हणून शनिवार-रविवारी रिक्षा करून कोंडाण्याला जाते. लेण्यांच्या वाटेला लागायच्या अलीकडे इंदूबाईचं घर आहे. पूर्वी दहिवलीत भाजी घेऊन यायची ती. तिच्या अंगणातल्या आंब्यावर तिचा नवरा सदू मला तार टाकून देतो. दोरीला दगड बांधून असा फेकतो, की पहिल्या झटक्यात हव्या त्या फांदीवर. मग मी खाटेवर यंत्र मांडते आणि कानाला हेडफोन लावते.

पहिल्या दिवशी इंदूबाई म्हणाली, "काय ऐकता गं बाई त्या डब्यात?"

"माणसं बोलतात."

"मला तर नाय ऐकू येत कोन."

मी हेडफोन तिच्या कानाला लावला. तिने डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाली, "ही तर किडं हायेत. आमच्याकडं भातात लय." आणि सूप घेऊन आत गेली.

मला मजा येते असं समजू नकोस. मी कामाने जाते. पण एक सांगते, कारण हे सांगायला घरात कोणी नाही. त्या खरखरीच्या खाली, अगदी तळाशी, कोणीतरी असतं. आधी वाटतं भास आहे. मग श्वास धरून ऐकलं की ताल लागतो, आणि तालातून अक्षर सुटतं. परवा एक जपानी माणूस असा सापडला. मी फक्त दोन वॅटवर होते. त्याने माझं नाव बरोबर परत पाठवलं, द्वारका. तिथे, समुद्रापलीकडे, कोणाच्या तरी वहीत माझं नाव गेलं. परत येताना रिक्षावाल्याने विचारलं, "काकू, लॉटरी लागली काय?" म्हणजे माझा चेहरा तसा दिसत असणार. हे एवढी वर्षं तिथे काय शोधत बसायचे, ते मला ह्यांच्यामागे कळावं, याचाही हिशेब तुझ्याच नावावर आहे.

आणि हो. रविवारी सकाळी तूही असतोस. परवान्याची खूण, ती कॉल साइन, पाठवण्याआधीच मी तुझा हात ओळखला. शेवटच्या लांब मात्रेला तू किंचित ओढतोस, अंगठा उमटवल्यासारखा. माझ्याकडे गाणं शिकायला यायचास तेव्हाही हीच खोड होती, समेवर आलं की मान उडवायची. तू सगळ्यांना पाठवत होतास, ताकद अर्धा वॅट, ताकद अर्धा वॅट.

छान ऐकू येतोस, अनुपम. फारच छान.

द्वारका


दहिवली, कर्जत
१८ फेब्रुवारी २०२४

चि. अनुपम यास अनेक आशीर्वाद.

काल तुमचे अध्यक्ष भिवाजीराव घरी येऊन गेले. क्लबाने ह्यांच्या नावाने करंडक ठेवला, कमी ताकदीवर सर्वांत दूर पोचणाऱ्यासाठी, आणि पहिला मान तुला, हे ऐकून बरं वाटलं. करंडक माझ्या हातून द्यावा ही कल्पना तुझीच, असंही ते म्हणाले. मनाचा मोठेपणा लागतो त्याला.

मी हो म्हटलं आहे. राग किती दिवस धरायचा रे? माझंही वय झालं. नम्रताला आणि तुमच्या लेकीला, रियाला, अवश्य आण. रियाला बघून किती दिवस झाले. ओल्या नारळाच्या करंज्या आणीन, तुला आवडतात तशा, वेलदोडा जास्त.

दोनच गोष्टी कळव. सभागृहात फोनवरचं काही ऐकवायला स्पीकर असेल ना? ह्यांची एक जुनी फीत सापडली आहे, ती सगळ्यांना ऐकवीन म्हणते. आणि कार्यक्रमाच्या आधीच्या रविवारी तू नेहमीप्रमाणे अर्ध्या वॅटवर येणार आहेस ना? किती वाजता, ते कळव. म्हातारी खास तुझ्यासाठी बसेल.

तुझी,
द्वारकाकाकू


दहिवली, कर्जत
११ मार्च २०२४

अनुपम,

मागच्या पत्रातले आशीर्वाद परत घेते. फीत ह्यांची नव्हती, हे आता तुला माहीतच आहे. पण तू मध्येच निघून गेलास, म्हणून राहिलेलं सांगते.

त्या रविवारी मी इथे माझ्या माळ्यावर होते. रोहिदास तुझ्या घरामागच्या टेकाडावर होता, तुझ्या टॉवरपासून हाक मारली तर ऐकू येईल इतक्या जवळ. तोच रोहिदास, खोपोलीच्या कारखान्यात पाळ्या करणारा, ज्याला ह्यांनी तुझ्यानंतर शिकवलं. त्याच्यासोबत ह्यांचा साबणाचा डबा होता. ठरल्याप्रमाणे तू यायच्या आधी त्याने अर्ध्या वॅटवर मला हाक मारली. खालापूरहून कर्जत म्हणजे किती? तरी मला कान ताणावे लागले. डास खोलीच्या त्या कोपऱ्यात असावा तसा आवाज. मी तो फोनवर टिपून घेतला. मग तू आलास. "ताकद अर्धा वॅट." मला हेडफोन कानावरून उचलावा लागला. तोही टिपला.

पुढचं तुझ्यासमोरच झालं. तरी माझ्या खुर्चीवरून ते कसं दिसलं ते ऐक.

सभागृह भरलं होतं. टेबलावर करंडक, त्यावर ह्यांचं नाव. तू नवा कुर्ता घातला होतास. माझ्या पाया पडलास आणि मी तुझ्या डोक्यावर हात ठेवला नाही. ते फक्त नम्रताने पाहिलं. माझी बोलायची पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "भाषण करणार नाही. दोन आवाज ऐकवते. दोन्ही एकाच सकाळचे, दोन्ही अनुपमच्या घराजवळून आलेले, दोन्ही म्हणतात की आमची ताकद अर्धा वॅट." पहिला लावला. मागच्या रांगेतले लोक पुढे झुकले. दुसरा लावला, आणि स्पीकर फाटायला आला.  तिथे बसलेल्यांना समजावून सांगायची गरजच नव्हती.

तू उठलास. आवाज शांत ठेवलास, ते मान्य करते. "माझी अँटेना टॉवरवर आहे, काकू. रोहिदासची साधी तार. फरक पडणारच."

"पडेल ना," मी म्हटलं. "म्हणून चल. इथून तुझं घर हाकेवर आहे. तुझा टॉवर, तुझं यंत्र, तुझा हात. मी फक्त मध्ये एक फ्यूज लावीन. अर्ध्या वॅटने त्याला काही होणार नाही. मोठी पेटी असली तर जळून जाईल."

भिवाजीराव म्हणाले, "काय हरकत आहे अनुपम? एकदाचा सोक्षमोक्ष होऊन जाईल."

"आज नको. घरात पसारा आहे. खोलीला कुलूप आहे, किल्ली दुकानात राहिली."

तेव्हा नम्रता उठली. मी तिला काही सांगितलं नव्हतं, देवाशपथ. ती पर्स उघडत म्हणाली, "किल्ली माझ्याकडे आहे. तुम्हीच सकाळी दिलीत."

आणि तू म्हणालास, "नम्रता, खाली बस."

झालं. मला मग काहीच करावं लागलं नाही. मी तुझ्यासाठी एक वाक्य तयार ठेवलं होतं, आम्ही पोचेपर्यंत पेटी माळ्यावर जाईल, हे. इतके महिने घोकलेलं. ते तोंडाशी आलं आणि मी बोलले नाही. दया म्हणून नव्हे. सगळे तुझ्याकडे बघत होते आणि मला त्यांच्या मध्ये यायचं नव्हतं.

तू बाजूच्या दाराने गेलास. भिवाजीरावांनी करंडक खोक्यात ठेवला. करंज्या रोहिदासने सगळ्यांना वाटल्या. लोकांनी खाल्ल्या. एकाने कृतीही विचारली.

मला वाईट वाटलं असं लिहिलं असतं तर तुला थोडं बरं वाटलं असतं. नाही वाटलं. घरी आले, आमटीभात केला, पोटभर जेवले.

द्वारका


दहिवली, कर्जत
२५ ऑगस्ट २०२४

अनुपम,

तुझं पत्र मिळालं. या वेळी हाताने लिहिलेलं, शिक्का नसलेलं. तुझं अक्षर शाळेत होतं तसंच आहे.

तू लिहितोस, की ह्यांच्याआधी कित्येक वर्षं तू रोज सकाळी खऱ्या अर्ध्या वॅटवर बसायचास. हाक मारायचास, मारत राहायचास, आणि कोणीही उत्तर द्यायचं नाही. मग ह्यांना एका सकाळी मिळालं. तुला वाटलं, जे मला जमलं नाही ते या म्हाताऱ्याला जमणं शक्यच नाही, नक्की पेटी आहे. सभागृहात बोललास तेव्हा ते तुला खरंच वाटत होतं. आणि दुसऱ्या दिवशी ह्यांनी फणसावरची तार उतरवल्याचं कानावर आलं, तेव्हा तुला कळलं की चूक झाली. पण तोवर नाव खोडलं होतं, आणि त्या मोकळ्या जागेकडे बघत तू स्वतः पेटी विकत घेतलीस.

मी हे दोनदा वाचलं. तू खरं लिहितो आहेस. मला समजलं. माफ केलेलं नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि त्या एकच आहेत असं तुला वाटतं, हाच तुझा मूळ दोष आहे. तुला कळलं होतं, दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. पळसदरीचा घाट चढून यायचं आणि दारात उभं राहून "काका, चुकलो" म्हणायचं, एवढंच होतं. ह्यांनी तुला आत घेतलं असतं. फणसावर तार परत चढवायलाही लावली असती. हे तसेच होते. हे अजून जवळजवळ वर्षभर होते, अनुपम.

नम्रता येऊन गेली. तू टॉवर उतरवलास, पेटी विकलीस, दुकानातून घरी आणि घरातून दुकानात, कोणाशी बोलत नाहीस, हे तिने सांगितलं. रियाला कोणी काही बोललं का, असं मी विचारलं. "शाळेत कोणाला काय कळतंय," ती म्हणाली. मग म्हणाली, "काकू, एकदा फोन करा त्यांना. दोनच शब्द बोला. मी मागते." चांगली पोर आहे. तिला चहा दिला, घरची लिंबं दिली. फोनचं काही बोलले नाही. स्टँडपर्यंत सोडायला गेले आणि एसटी सुटेपर्यंत उभी राहिले, तेवढं तिच्यासाठी.

क्लबाने ह्यांचं नाव परत लावलं. भिवाजीराव यादीची प्रत आणून देताना म्हणाले, "वहिनी, उशीर झाला." मी म्हटलं, "हो."

द्वारका


कोंडाणे
९ जानेवारी २०२५

अनुपम,

हे पत्र इंदूबाईच्या अंगणात, खाटेवर बसून लिहिते आहे. हिवाळाभर मी आठवड्यातून तीनदा इथे येते. सदूने आंब्याला कप्पी बसवून दिली, आता तार मी माझी मी चढवते. तुला कळून बरं वाटेल किंवा वाटणार नाही, पण मला हे आवडतं. कोणासाठी म्हणून नाही. सकाळी थंडी असते, डोंगरावरून ऊन उतरायला वेळ लागतो, आणि तोपर्यंत जग ऐकू येतं. परवा फिनलंडची एक बाई होती. माझ्याच वयाची, तिच्याकडे बर्फ होतं. आम्ही दोघींनी एकमेकींना हवा कळवली, तब्येत कळवली. बास. एवढ्यावर माझा दिवस जातो.

आज यंत्राचं बटण फिरवता फिरवता एका जागी मी थांबले. तळाशी काहीतरी होतं. आधी वाटलं भास. मग ताल लागला, आणि शेवटच्या मात्रेला तो ओढ दिलेला हात.

तू सर्वांना उद्देशून हाक मारत होतास. कोणी आहे का, कोणी आहे का. तुझं नाव, तुझी ताकद, अर्धा वॅट. या वेळी ते खरं होतं. इतकं बारीक, इतकं खोल, की पान हललं तरी बुडत होतं. कोणीही उत्तर देत नव्हतं. तू थांबायचास, ऐकायचास, पुन्हा पाठवायचास. ऊन अंगणात येईपर्यंत तू पाठवत होतास.

इंदूबाई शेण काढून आली. माझ्याकडे बघून म्हणाली, "कोन हाय?"

"ओळखीचा आहे."

"मंग बोला की त्याच्यासंगं."

"नाही."

 "तुमी लय वाईट हाव बाई," ती म्हणाली. रागाने नाही, हवा थंड आहे म्हणावं तसं. आणि हात धुवायला गेली.

माझं बोट मोर्सच्या कळीवर होतं. माझ्याकडे दोन वॅट आहेत. तुला मी स्पष्ट ऐकू आले असते. मी तुझी पुढची हाक येईपर्यंत थांबले, ती आली, संपली, तू ऐकायला थांबलास, आणि त्या तेवढ्या शांततेत मी बोट उचललं.

ऐकलं त्याने ऐकल्याचं कळवावं, ही आपल्या लोकांची रीत. म्हणून कळवते. तुझा अर्धा वॅट खालापूरहून कोंडाण्याला पोचला. अक्षर न् अक्षर लागलं. कोणाला दाखवायचं असेल तर हा कागद दाखव, सही माझी आहे.

उद्या पुन्हा ये. मी ऐकत असेन. उत्तर देणार नाही.

द्वारकाकाकू